डीडीआर३ बोर्डात डीडीआर४ रॅम चालेल का?

प्रश्न: माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड डीडीआर३ (रॅमची जुनी पिढी) चा, रॅम ४ जीबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) डीडीआर४, म्हणजे त्यापुढची पिढी, आणली तर बसेल का? पावसाळ्यात चालू करताना बीपही वाजतात.

उत्तर: बसणारच नाही. डीडीआर३ ला २४० पिना, १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ आणि १.२. खाचही वेगळ्या जागी असते. जोर लावलात तर स्लॉट फुटेल.

उत्तर: आधी बीपचं बघा! मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा. पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण ब्रशने झाडा, मग स्लॉटची खिटी ‘टक्’ वाजेपर्यंत रॅम दाबा.

उत्तर: जुनी डीडीआर३ घेताना सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम (जास्तीची रजिस्टर चिप असलेली) टाळा. स्वस्त असते, पण साध्या बोर्डावर चालत नाही.