पंचक, करणी, ग्रहण, नजर : घाबरलात तेव्हा कोणाला विचारलंत?

गेल्या वर्षी माघात सासूबाई गेल्या. वय ८४, तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या, त्यामुळे जाणं अनपेक्षित नव्हतं. धक्का बसला तो जवाहरबाग स्मशानातून घरी परतल्यावर. क्रियाकर्म करणाऱ्या गृहस्थांनी आमच्या ह्यांना पार्किंगमध्ये बाजूला घेतलं. म्हणाले, "पंचकात गेल्यात. वर्षाच्या आत घरातली पाच माणसं ओढून नेतात. शांत करून टाका, पस्तीस हजारांत बसवून देतो."

आमच्या घरात माणसं पाचच.

ह्यांनी हसण्यावारी नेलं. मी रसायनशास्त्राची एमएस्सी, बारावीच्या मुलांना शिकवते. मीही हसले, आणि त्या रात्री मुलाच्या बाइकची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. पुढचे पंधरा दिवस घरात कोणी खोकलं की पोटात गोळा यायचा. एफडी मोडायचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता.

शेवटी चरईतल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेले. सासूबाईंचं उद्यापन त्यांनीच केलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "चितेवर दर्भाचे पाच पुतळे ठेवले होते का?" ठेवले होते. "मग शास्त्रात जे सांगितलंय ते झालं. आता हिशोब ऐका. चंद्र धनिष्ठाच्या उत्तरार्धात आला की पंचक लागतं, रेवती संपली की सुटतं. दर सत्तावीस दिवसांनी येतं, पाचेक दिवस राहतं. म्हणजे जगात मरणाऱ्या दर पाच-सहा माणसांतला एक पंचकातच मरतो. प्रत्येकानं पाच-पाच नेले असते तर ठाण्यात तुम्ही-मी उरलो असतो का? पोराची किल्ली देऊन टाका." दक्षिणा घेतली नाही. चहा घेतला, बिनसाखरेचा.

हा भागाकार मलाही येत होता. पण मी केला असता तर माझा मलाच पटला नसता. पंचांगावर ज्याचा विश्वास आहे, त्याच्या तोंडून तो यावा लागला. तेव्हापासून मनात आहे की हे इतरांनाही विचारावं. कसली भीती वाटली, कोणी घातली, आणि विचारायला कोणाकडे गेलात? अटी दोनच : बुवा-बाबांची नावं लिहायची नाहीत, आणि कोणाची टर उडवायची नाही.

(मी खारीगावची.)

घणसोलीहून

मी ऐरोलीच्या आयटी पार्कात नाइट शिफ्ट करतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे झोपलो की छातीवर कोणीतरी बसायचं. डोळे उघडे, खोली दिसतेय, पंखा फिरताना दिसतोय, पण बोटसुद्धा हलत नाही. खाली इस्त्रीवाल्यानं सांगितलं, इथे पूर्वी खाडी होती, बुडालेली माणसं फिरतात. आता नवी मुंबईत पूर्वी खाडी नाही तर मिठागर, मिठागर नाही तर भातशेती, असं नसलेली जागा दाखवा! पण पहाटे पाचला हे सुचत नाही. आईनं साताऱ्याहून ताईत पाठवला. तो बांधूनही दोनदा झालं.

मित्राच्या बहिणीनं (ती डॉक्टर आहे) फोनवरच ओळखलं. झोपेत स्वप्न चालू असताना शरीर आपणहून सैल पडतं, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पलंगावरून खाली पडत नाही. कधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागे राहतं. झोप मोडलेली, वेळा उलट्यापालट्या, त्यात उताणं झोपायची सवय, यानं ते वाढतं. कुशीवर झोपायला लागलो, शिफ्ट बदलून घेतली. बंद झालं म्हणत नाही, वर्षातून एखादवेळ होतं. पण आता ते आलं की मी मनातल्या मनात आकडे मोजतो, दहाच्या आत सुटतं. ताईत किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. आईनं विचारलं तर "जवळच आहे" म्हणता येतं.

ठाण्यातली परिचारिका, आता निवृत्त

येऊरच्या पाड्यावरची एक गोष्ट सांगते. पावसाळा, पहाटेचे साडेतीन. एक बाई जमिनीवर झोपलेली, अचानक पोटात दुखतंय म्हणून उठली, मग जीभ जड झाली, पापण्या मिटायला लागल्या. अंगावर कुठे सूज नाही, रक्त नाही. घरचे म्हणाले, झपाटलं. भगताला उठवून आणलं.

हा मण्यारचा खेळ असतो. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण शोधून सापडत नाही, दुखतही नाही. नाग किंवा घोणस चावली तर माणूस बोंबलतो, सगळ्यांना कळतं. मण्यार चावली की भूत लागल्यासारखंच दिसतं. विष नसांवर चालतं, शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात.

आमच्याकडे ती बाई आली ती भगताच्या मोटरसायकलवर! मध्ये ती, मागे नवरा धरून बसलेला. भगत कपाळाला अंगारा लावूनच आत आला आणि म्हणाला, "माझं मी करून आलोय, नारळ दिलाय. आता तुमची सुई द्या लवकर, पापणी पडलीय." पापणी पडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. त्याचा स्वतःचा पुतण्या तसाच गेला होता. सर्पविषावरची लस दिली, नळी घालून दोन दिवस श्वास द्यावा लागला. बाई चालत घरी गेली.

असे भगत थोडे. चार-चार तास मंत्र म्हणत बसवून ठेवलेले पेशंटही मी पाहिलेत, त्यातले कितीतरी आले तेव्हा संपलेले होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट आहे : साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पण मी नव्या मुलींना सांगायचे, नातेवाइकांसमोर भगताला कधी शिव्या घालू नका. पुढच्या वेळी तोच पेशंट पाठवणार आहे.

ऐरोलीहून

बाळाला नजर लागू नये म्हणून आमच्या आत्यांनी बाराव्या दिवशी पोटावर बिब्ब्याची फुली काढली. दुसऱ्या दिवशी तिथे फोड, तिसऱ्या दिवशी पाणी. आत्या म्हणाल्या, बघा किती जबरदस्त नजर होती! त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी "बिब्बा" म्हटलं. परीट कपड्यांवर खुणा करायचे ते बिब्ब्यानंच, धुतला तरी जात नाही; त्याचं तेल कातडी भाजतं. नवव्या वर्षीही लेकीच्या पोटावर फुली आहे. काजळाची तीट लावा हो, हवी तेवढी. ती पुसता तरी येते.

नेरूळहून

२५ ऑक्टोबर २०२२ चं सूर्यग्रहण आठवतंय? लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण, पाडवा त्याच्यानंतर. मला सातवा महिना, त्यात गरोदरपणातली शुगर. दर अडीच-तीन तासांनी खायचं, इन्सुलिन चालू. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे पहाटेपासून खाणं बंद. सासूबाई वाईट नाहीत, उलट फार जीव लावतात. त्यांच्या नणंदेचा मुलगा जन्मतः ओठ फाटलेला. "तिनं ग्रहणात विळी हातात घेतली होती" हे त्यांनी पन्नास वर्षं ऐकलेलं. डॉक्टरांनी समजावलं तर म्हणाल्या, "त्यांना काय, त्यांचं नातवंड नाही."

मग नवऱ्यानं एक केलं. वाद न घालता भिंतीवरचं पंचांग काढलं आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. त्यातच लिहिलेलं असतं की लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी वेध कमी वेळ पाळावेत. सासूबाई दोनदा वाचून म्हणाल्या, "मग पन्नास वर्षं कोणी सांगितलं का नाही?" दुपारी सव्वातीनला स्वतः मुगाचं धिरडं करून वाढलं. पावणेपाचच्या सुमारास ग्रहण लागलं आणि सूर्य तसाच, सुटायच्या आधीच मावळला. तेवढा वेळ मी खोलीत पडदे लावून बसले, त्या बाहेर जप करत. मध्येच दार किलकिलं करून विचारलं, "शुगर मोजलीस का?" मोजण्यासाठी बोटाला सुई टोचावी लागते आणि ग्रहणात सुई चालत नाही, हे दोघींनाही एकदमच आठवलं. त्यांनी दार लावून घेतलं. मी मोजली.

दिवाळे कोळीवाड्यातून

आमची आजी सांगायची, अमावस्या-पुनवेला रात्री एकटा खाडीत उतरू नको, गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, पाय ओढतो. गिऱ्हा मी बघितला नाही. पण त्या दिवशी उधाण असतं, ओहोटीला पाणी असं खेचून निघतं की कमरेएवढ्या पाण्यात माणूस आडवा होतो, आणि खाली चिखल पाय सोडत नाही. म्हणजे ओढतोच की! नारळी पुनवेआधी होडी काढायची नाही, हेही तसंच. सरकारची बंदी १ जूनला लागते, आमची रीत त्या कायद्याच्याही आधीची आहे. सगळं मोडीत काढू नका, एवढंच सांगायला लिहिलं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं ते पाण्यात उतरणाऱ्याला विचारा.

कोपरखैरणे गाव

माझं मोठं आहे आणि गोड नाही.

सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकाच घरात होतो. त्या वर्षी दादाचा धंदा बसला, वहिनीचं दोनदा पोट पडलं. कोणीतरी पनवेलकडच्या एका बाईचं नाव सांगितलं, मंगळवारी-शुक्रवारी अंगात येतं म्हणून. दादा-वहिनी गेले. पहिल्या वेळी फक्त "घरातलंच आहे" एवढं सांगितलं. दुसऱ्या वेळी "उंबऱ्याच्या आतलं, बाईमाणूस". तिसऱ्या वेळी ती घरी आली, तुळशीच्या कुंडीत हात घातला आणि टाचण्या टोचलेली बाहुली काढली. माझ्या बायकोकडे बघत राहिली. नाव घेतलंच नाही, गरजच नव्हती.

माझी बायको त्या कुंडीला रोज पाणी घालायची. म्हणून तीच.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यकर्त्यानं नंतर मला रुमालातून बाहुली काढायचा हातचलाखीचा प्रकार करून दाखवला, अगदी हळू, तीनदा. कायदाही सांगितला : अमुक माणूस करणी करतो असं ठरवून त्याला छळणं हाही गुन्हा, पोलीस ठाण्यात त्यासाठी दक्षता अधिकारी असतो. मी तक्रार दिली नाही. दिली असती तर दादाचंही नाव आलं असतं. आईनं एकवीरेला जाऊन दोघांसाठी ओटी भरली, तेवढंच. आता मधोमध भिंत आहे. पुढे वहिनीची तपासणी झाली तेव्हा थायरॉइड निघालं. गोळ्या चालू झाल्या, मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण आलं नाही. बायकोनं झबलं शिवलं होतं, ते अजून कपाटात आहे.

ताई, तुम्ही विचारलंत कोणाकडे गेलात. मी कुठेच गेलो नाही. जायला हवं होतं, पहिल्या मंगळवारीच.

नौपाड्यातून, जुना पोस्टमन

पूर्वी "हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर नुकसान" अशी पोस्टकार्डं यायची. मी वाटायचो आणि ज्यांना मिळायची ते माझ्याकडूनच अकरा कार्डं मागवायचे. आता नातवाच्या फोनवर तेच पत्र येतं. फरक इतकाच की पोस्टाचा धंदा बुडाला.

मानपाड्याहून

वरचा कोपरखैरण्याचा अनुभव वाचून लिहायचं ठरवलं. माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. लोकलमध्ये पत्रकं चिकटवणाऱ्या बाबांपासून सुरुवात करून दोन वर्षांत आम्ही किती दारं पालथी घातली ते मोजत नाही. एकानं मिरचीची धुरी दिली, एकानं केस धरून आपटलं. त्याला मी धरून ठेवलं होतं. हे लिहिताना हात थांबतोय.

थांबवलं एका मठातल्या सेवेकरी काकांनी. मी गुरुवारी आरतीला जाऊन रडत बसायचे. त्यांनी विभूती दिली, आणि विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का? त्याचं काम हा अंगारा करणार नाही. माझा सख्खा भाऊ बावीस वर्षं गोळी घेतो, पोस्टात नोकरी करून रिटायर झाला." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे, मी रोज त्या बाजूनं जात होते आणि त्याच्या नावाचा फक्त शिवीसारखा उपयोग ऐकला होता. काका पहिल्या दिवशी बरोबर आले, केसपेपरच्या रांगेत उभे राहिले. आज मुलगा गोळ्या घेतो, घोडबंदर रोडला एका दुकानात हिशोब लिहितो. आवाज पूर्ण गेले नाहीत. म्हणतो, "आता ते शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे आहेत." आम्ही गुरुवारची आरती सोडलेली नाही. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी १४४१६ वर फोन करावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुन्हा खारीगावहून

सगळं वाचलं. कोपरखैरण्याच्या दादांना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, म्हणून लगेच लिहिलं नाही. झबलं पाठवून द्या असं म्हणणार होते, पण ते माझं काम नाही.

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी आले, त्यांचा गुडघा आता फार दुखतो, तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबले. अळूची भाजी, वडे, खीर. पानं मांडताना नेहमीप्रमाणे मोजली. आमची पाच, सहावं गुरुजींचं. मुलगा उशिरा आला, बाइकवरून, हेल्मेट हातात. आल्या आल्या म्हणाला, "आई, किल्लीला अजून डाळीचा वास येतो."