मावशीकडचा ३ फुटी फिश टँक साताऱ्याहून सांगलीला आणायचाय, पहिलीच वेळ आहे, सल्ला हवा

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, मार्चमध्ये गेले. साताऱ्याला मंगळवार पेठेत त्यांचा फिश टँक आहे, दहा-बारा वर्षांपासूनचा. मावशीचे गुडघे गेलेत, बादल्या उचलणं तिला जमत नाही. विकून टाकू म्हटलं की तिचे डोळे भरतात. शेवटी मीच म्हटलं, मी नेते आणि सांभाळते. पण मला यातलं काहीच येत नाही.

टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. वर टॉप फिल्टर, आत हिटर, एक एअर पंप. मासे: ४ एंजल, ९ काळे विडो टेट्रा, २ गोल्डफिश आणि एक सकर, तो माझ्या वितीपेक्षा मोठा झालाय. मावशी पाणी कमी झालं की वरून तेवढं भरते. काका गेल्यापासून पाणी बदललेलं नाही. पाणी जरा पिवळसर आहे, पण नितळ आहे.

इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळं रिकामं करा, घासूनपुसून धुवा, खडी उन्हात वाळवा, नवीन पाणी भरा आणि मासे सोडा. असंच करायचं का? माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. भाऊ टेम्पो बघतोय. मासे मरू नयेत एवढंच मनात आहे. मावशी रोज फोनवर विचारते, कधी नेणार म्हणून.

मिरजवाला

ताई, मी दरवेळी सगळं धुऊनच लावतो. नळाचं पाणी, मूठभर खडे मीठ, निळं औषध चार थेंब. एवढं घाबरायचं कारण नाही. दोन-चार मासे जातात सुरुवातीला, मग बाकीचे टिकतात.

शेवाळ

मिरजवाला दादा, ते सुरुवातीचे दोन-चार मासे का जातात, तेच इथे सांगायला हवं. ताई, जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया त्याच्यासाठी विष आहे. जुन्या टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते आपण पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते फिल्टरच्या स्पंजला, खडीला, काचेला चिकटून असतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तुमच्या काकांनी ती दहा वर्षं जपली आहे. मावशींकडून तुम्ही खरं तर तो कळकट स्पंज आणताय. काच काय, बाजारात कुठेही मिळते.

म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. खडी उन्हात वाळवायची नाही. दोन्ही टाकीतल्याच पाण्यात बादलीत हलके खळबळून घ्यायचे आणि त्याच पाण्यात बुडवून आणायचे. बादलीचं झाकण गच्च लावू नका, त्यांना हवा लागते. बॅटरीवरचा एअर पंप मिळतो, त्याची एक नळी या बादलीत आणि एक माशांच्या बादलीत सोडा.

आता टाकीचं. ३ × १.२५ × १.५ म्हणजे साधारण ५.६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ साधारण १५९ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा सोडून १३० लिटर धरा. काच, खडी, पाणी मिळून दोनशे किलोच्या आसपास वजन जातं. ती भिंतीलगत, पक्क्या लोखंडी स्टँडवर ठेवा. डायनिंग टेबल किंवा टीव्हीचं कपाट नको. खाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे बारीक उंचसखलपणा त्यात बसतो. पाणी असताना टाकी उचलायची नाही, अगदी चार बोटं पाणी असलं तरी नाही. तळाची काच तिथेच जाते.

सोडवायच्या दिवशी सगळ्यात आधी हिटरचा प्लग काढा आणि वीस मिनिटं थांबा. गरम हिटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. मग खडीला हात न लावता वरचं नितळ पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून घ्या, निम्मं तरी. पाणी वीतभर उरलं की मासे धरा, भरल्या टाकीत जाळी घेऊन त्यांच्या मागे धावू नका. सकरला वेगळी बादली. त्याच्या परांना काटे असतात, पिशवी फाटते आणि जाळीत अडकला तर त्यालाही इजा होते. आदल्या दिवसापासून कुणालाच खायला देऊ नका. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी कमी घाण होतं.

आणि निघायच्या आधी लिक्विड टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधलं) असं सगळं असलेलं. पट्ट्यांच्या किटमध्ये बहुतेकदा अमोनिया नसतो.

यवतेश्वर (सातारा)

मावशींकडे पाणी कास तलावाचं येतं की शहापूर योजनेचं? हे आधी विचारा. मी कासच्या पाण्यावर टाकी ठेवतो. कासचं पाणी म्हणजे जांभ्याच्या पठारावर पडलेला पाऊस, त्यात क्षार फार कमी. असं पाणी मऊ असतं, आणि मऊ पाण्याचा पीएच टिकत नाही. जिवाणू काम करताना पाण्यातली अल्कली खात जातात. पाणी बदललं नाही तर ती संपते आणि पीएच घसरत जातो. वरून नुसतं भरत राहिल्याने काही सुधारत नाही. सांगलीचं पाणी वेगळं, आणि सोसायटीत बोअर असेल तर आणखी वेगळं. दोन्हीकडचं पाणी तपासल्याशिवाय मासे हलवू नका.

काका टाकीचं कुठे लिहून ठेवत होते का, तेही बघा. जुन्या माणसांना ती सवय असते.

कृष्णाकाठ

शेवाळ, यवतेश्वर, तुमचे कसे आभार मानू. रविवारी किट घेऊन साताऱ्याला गेले होते. पाणी कासचंच.

मावशीच्या टाकीत: पीएच ६, अमोनिया १, नायट्राइट ०, नायट्रेटचा रंग किटच्या शेवटच्या खणाइतका गडद लाल. माझ्या घरचं नळाचं पाणी: पीएच ७.८.

आणि वही सापडली! टाकीच्या खालच्या कपाटात, माशांच्या खाण्याच्या डब्यामागे. दर रविवारी ‘२ बादल्या’ असं तारखेसह लिहिलंय. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा ‘शिंपले बदलले’. मावशीला विचारलं. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा असायचा. एप्रिलमध्ये साफसफाई करताना तो कचरा समजून तिने फेकला. ती आता फार वाईट वाटून घेतेय. अमोनिया १ आहे, तर मासे आजारी आहेत का? दिसायला तर चांगले आहेत, खातात.

यवतेश्वर

मावशींना सांगा, त्यांची काही चूक नाही. तो चुरा हातात घेतला तर कुणालाही कचराच वाटेल. काका जाणकार होते. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की तो हळूहळू विरघळतो आणि पीएच धरून ठेवतो. कासच्या पाण्याला नेमकं तेच लागतं.

शेवाळ

ताई, हा आकडा तुम्ही आधी बघितलात हे फार बरं झालं. कारण ऐका.

किट जो अमोनिया दाखवतं त्याची दोन रूपं असतात. पीएच ६ ला जवळजवळ सगळा अमोनियम असतो, तो माशांना फारसा बाधत नाही. म्हणून तुमचे मासे खातात, पोहतात. पीएच एकने चढला की विषारी रूपाचं प्रमाण साधारण दहापट होतं. ६ वरून ७.८ म्हणजे साठेक पट. हे पाणी आणि हे मासे एकदम सांगलीच्या पाण्यात मिसळले असते, तर रात्रीतून गेले असते, आणि सगळे म्हणाले असते की प्रवास सोसला नाही. एवढ्या कमी पीएचला जिवाणूही मंदावतात, म्हणून तो अमोनिया साचलाय.

तेव्हा घाई नको, टेम्पो दोन-तीन आठवडे पुढे ढकला. टाकी साताऱ्यातच सुधारून घ्या. एक दिवसाआड एक बादली पाणी काढायचं आणि कासचंच, अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी भरायचं. खाणं निम्मं करा. दुसऱ्या आठवड्यापासून काकांसारखी शिंपल्यांची पिशवी, पण छोटी, मूठभर. पीएच आठवड्याला थोडा थोडा चढू दे. अमोनिया ० दिसला की मगच हलवायचं.

सांगलीत पोचल्यावर ठिबक. तुमच्याकडे द्राक्षबागांमुळे वेगळं सांगायला नको! मासे त्यांच्याच पाण्यात बादलीत, एअर पंपाच्या नळीला सैलसर गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडायचं. बादलीतलं पाणी दुप्पट व्हायला तास-दीड तास लागू दे. मग मासे जाळीने उचलून टाकीत, बादलीतलं पाणी मोरीत.

यवतेश्वर

पाण्याचं मी करतो. मंगळवार तळ्यापासून पाच मिनिटांवर राहतो. मावशींची हरकत नसेल तर एक दिवसाआड संध्याकाळी येऊन बादली बदलून जाईन. तुम्ही आधी त्यांच्याशी बोला, मग मला मेसेज करा.

गावभाग२०१९ (सांगली)

दोन गोष्टी माझ्याकडून.

लाईट. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमची टाकी माडीवर होती, पुराचं पाणी तिथवर आलं नाही, पण लाईट गेली ती कित्येक दिवस. फिल्टर बंद, पंप बंद. पहिल्या दिवशी मी आणि मुलगी तांब्याने पाणी वर उचलून ओतत बसलो होतो. मोठे मासे आधी गेले, त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो. तेव्हापासून घरात दोन चार्जिंगचे एअर पंप असतात, आणि टॉप फिल्टरच्या जोडीला हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर असतो. लाईट गेली तरी चार्जिंगच्या पंपावर तो चालत राहतो आणि जिवाणू जगतात. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात हे चांगलं आहे. तरी हे घ्याच.

दुसरं, सकर. तो अजून वाढणार, फूट-सव्वा फूट सहज. उद्या नकोसा झाला तरी कृष्णेत सोडू नका, हात जोडून सांगतो. तो इथला मासा नाही. उजनीत हे सकर कोळ्यांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात. ते कुणी विकत घेत नाही.

शेवाळ

सकरचं अगदी बरोबर. गोल्डफिशचंही बोलायचं राहिलं. त्यांना गार पाणी आवडतं आणि ते घाणही खूप करतात. एंजल आणि टेट्रांना २५ ते २८ अंश लागतात. १५० वॉटचा हिटर हिवाळ्यात पुरेल. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मात्र उलटी काळजी करावी लागेल. झाकण उघडून पाण्यावरून टेबलफॅनचा वारा घ्या, दोन-तीन अंश उतरतात. गोल्डफिशना वेगळं घर शोधा.

मिरजवाला

ताई, गोल्डफिश मला द्या. गच्चीवर सावलीत सिमेंटचा मोठा हौद आहे, त्यात माझे सहा आहेत. आणि शेवाळ, हे पीएचचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. काल किट मागवलं.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा. टाकी आली, त्याला आज सोळा दिवस झाले.

यवतेश्वर यांनी तीन आठवडे मावशीकडे पाणी बदललं. दर वेळी तिने त्यांना चहा पाजला आणि काकांच्या टाकीचं सगळं सांगितलं. निघायच्या दिवशी तिथला पीएच ७ च्या जवळ होता आणि अमोनिया ०. पहाटे सहाला निघालो, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, टेम्पो हळूच चालवला. बादल्यांभोवती ओली पोती गुंडाळली होती. टाकी लावून पाणी भरून तासभर चारी कोपऱ्यांना टिश्यू पेपर लावून बघितला, कुठे गळती नाही. मग ठिबक. दुपारी तीनला सगळे टाकीत.

दुसऱ्या दिवशी एक टेट्रा गेला. मी खूप रडले. चौथ्या दिवशी नायट्राइट ०.२५ आला, दोन दिवस सलग पाव टाकी पाणी बदललं. अकराव्या दिवसापासून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ०. गोल्डफिश मिरजेला हौदात आहेत. शिंपल्यांची पिशवी सध्या काढून ठेवलीय, इथल्या पाण्याला तिची गरज दिसत नाही. बरोबर ना?

काकांची वही मी पुढे चालू ठेवलीय. काल त्यात ‘२ बादल्या’ लिहिलं.

सकरसाठी मात्र अजून मार्ग सापडलेला नाही. ५ फुटी किंवा मोठी टाकी असलेलं कुणी सांगली, मिरज, कोल्हापूर भागात असेल तर कृपया कळवा.

शेवाळ

बरोबर, पिशवी नको. पण पीएच महिन्यातून एकदा बघत रहा, आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा बदलण्याआधी बादलीत दिवसभर निवळू द्या.

एक टेट्रा गेला याचं वाईट वाटणारच. पण सोळा जणांतले पंधरा या वयात एवढ्या लांब येऊन जगलेत. सकरचं कोल्हापुरात विचारतो.

गावभाग२०१९

चार्जिंगचा पंप घेतलात का, ते लिहिलं नाहीत?

कृष्णाकाठ

घेतला. दोन.