गायाच्या सोर्स आयडीतच ताऱ्याचा पत्ता आहे
गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीने केलेली ताऱ्यांची यादी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरली, तरी एक अंश त्रिज्येतले तारे शोधायला इतका वेळ का लागतो, असं विचारलंय. विषुवांश-क्रांतीच्या (आकाशातल्या रेखांश-अक्षांशांच्या) चौकटीने शोधणं सोडा. सोर्स आयडीला, म्हणजे यादीतल्या ताऱ्याच्या क्रमांकाला, ३४३५९७३८३६८ ने भागा. येणारा पूर्णांक म्हणजे हीलपिक्सच्या (आकाशाची समान क्षेत्रफळाची घरं पाडायच्या पद्धतीच्या) बाराव्या पातळीवरच्या घराचा नेस्टेड क्रमांक. वर्तुळ झाकणाऱ्या घरांचे क्रमांक काढून त्याच संख्येने परत गुणले, की सोर्स आयडीवर साधी 'बिटवीन' (या दोन आकड्यांमधलं) अट पुरते. त्या रकान्यावर इंडेक्स मात्र हवाच. मग खरं कोनीय अंतर मोजून कडेला वर्तुळाबाहेर राहिलेले तारे गाळा. विषुवांश ३५९ अंशांवरून शून्यावर येतानाची कटकटही संपते, माझा त्यात फार वेळ गेला होता.

आणि हो, डीआर३ मधली (गायाच्या यादीच्या तिसऱ्या आवृत्तीतली) स्थानं २०१६.० ची, म्हणजे २०१६ च्या सुरुवातीची, आहेत. बर्नार्डचा तारा वर्षाला १० विकलांहून जास्त सरकतो. स्वगती (ताऱ्याचं हे आकाशातलं सरकणं) न जोडता शोधलात तर हातचा निसटेल.