मदत हवी आहे: माफेवर तेल सुटत नाही (शेंगदाण्याच्या रश्श्यातलं पश्चिम आफ्रिकी बीफ)

आगाशीची

नमस्कार मंडळी. मी मूळची वसई तालुक्यातली. सध्या पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रय शहरात राहते. मालीहून आलेली पुष्कळ कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्याच मजल्यावरच्या शेजारीण मावशी सोनिंके समाजातल्या. त्यांच्या हातचं माफे मी बरीच वर्षं खात आलेय. बीफ, शेंगदाण्याची पेस्ट, टोमॅटो, आत कोबी-गाजर-रताळ्याचे मोठे तुकडे, वर एक अख्खी मिरची तरंगतेय आणि बाजूला पांढरा भात. आम्हां मराठी माणसांना दाण्याचं काही नवल नाही, पण दाणा आणि बीफ इतकं एकजीव होतं हे मला इथे कळलं.

पुढच्या महिन्यात आमच्या वसईकर मंडळींचं जेवण आहे आणि मला माफे करायचंय. मावशी गावी गेल्यात. फोनवर विचारलं की एकच सांगतात, "मंद ठेव, तेल वर आलं की झालं." माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

मी करते ते असं. 1 किलो बीफ (खाटकाकडे स्ट्यूसाठी कापून ठेवलेले तुकडे मिळतात ते) तेलावर लालसर परतून बाजूला काढते. त्याच तेलात 2 मोठे कांदे, लसूण, मग 70 ग्रॅमचा टोमॅटो कॉन्सन्ट्रेटचा छोटा डबा. मांस परत आत, दीड लिटर पाणी, झाकण ठेवून सव्वा तास. मग सुपरमार्केटातलं 250 ग्रॅम पीनट बटर, भाज्या, पुन्हा झाकण आणि अर्धा तास. मीठ आणि मॅगीची एक वडी.

होतं काय, की पीनट बटर घातल्यावर रस्सा एकदम घट्ट होतो आणि बुडाला धरतो. चव कच्चट लागते, थोडी गोडसरही. वर तेलाचा थेंब दिसत नाही. मांस शिजलेलं असतं, पण धाग्याधाग्यानं सुटतं, मऊ म्हणावं तसं नाही. मावशींच्या पातेल्यावर लालभडक तवंग असतो. तो कसा आणायचा, एवढंच सांगा.

खमंग_फोडणी

पातेलं कसलं आहे? पातळ स्टीलचं असेल तर दाणा लागणारच.

आगाशीची

बिडाचं, जाड बुडाचं आहे. पातेल्याचा दोष नसावा.

बामाको_ते_बार्शी

नवऱ्याच्या नोकरीमुळे मालीच्या राजधानीत, बामाकोला राहिले आहे. तिथे याला तिगादेगेना म्हणतात, माफे हे नाव सेनेगलकडे आणि फ्रान्समध्ये जास्त. रस्सा मात्र मूळ मालीतल्या मांडिंका-बांबारा लोकांचा समजला जातो. गांबियात हाच प्रकार दोमोदा म्हणून घरोघरी होतो.

ताई, तुमच्या कृतीत मला तीन ठिकाणं दिसतात. पहिलं म्हणजे टोमॅटो. तो नुसता परतून चालत नाही, तेलात तळायचा. कॉन्सन्ट्रेटचा रंग लालवरून विटकरीवर जाईपर्यंत आणि कडेनं तेल वेगळं दिसेपर्यंत हलवत राहा. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तरी लागतात. तुम्हाला कच्चट लागतंय त्यातला अर्धा कच्चेपणा दाण्याचा नसून टोमॅटोचा असणार.

दुसरं, पेस्ट थेट पातेल्यात टाकू नका. मोठ्या वाडग्यात घ्या, त्यावर पातेल्यातलंच गरम पाणी पळीपळीनं घाला आणि घोटा. सुरुवातीला ती आणखी घट्ट होईल, घाबरू नका. अजून दोन-तीन पळ्या पाणी गेलं की ताकासारखी सैल होते. मग ती पातेल्यात.

आणि झाकण काढा! मी पाहिलेल्या एकाही बाईनं दाणा घातल्यावर पातेलं झाकलेलं नव्हतं. उघडं, अगदी मंद, दर चार-पाच मिनिटांनी लाकडी चमच्यानं बूड खरवडायचं. पाणी आटल्याशिवाय तेल वर येणार कुठून? पाऊण तास धरा. भाज्या त्यातच शिजतात. रताळं उशिरा टाका, ते लगेच विरघळतं.

दाणे_आणि_घाणा

आमचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही. बीफचं मला काही कळत नाही, दाण्याचं सांगतो.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. पण ते पेशींच्या आत बारीक थेंबांत कोंडलेलं असतं. घाण्यात दाणा नुसता चिरडून ते सगळं मोकळं होत नाही. आम्ही मध्ये थोडं पाणी मारतो. त्यानं चोथा एकमेकाला धरतो आणि तेल सुटून बाजूला येतं. तुमच्या पातेल्यात हेच काम पाणी, उष्णता आणि वेळ मिळून करतात. दाण्यातलं प्रथिन आणि पीठूळ भाग पाणी पिऊन फुगतो, म्हणून रस्सा आधी घट्ट होतो. तो शिजून स्थिरावला की त्याची तेलावरची पकड सुटते आणि तेल वर चढतं. घट्ट होणं ही अर्ध्या वाटेवरची खूण आहे. तिथे आच वाढवली की करपतं, तिथे उतरवलं की कच्चं राहतं.

आता तुमच्या डब्यामागचं वाचा. सुपरमार्केटातल्या बऱ्याच पीनट बटरमध्ये तेल वर येऊ नये म्हणूनच घट्ट केलेलं (हायड्रोजनेटेड) वनस्पती तेल किंवा इमल्सिफायर घातलेलं असतं, शिवाय साखर. ज्या पदार्थाला तेल धरून ठेवायलाच बनवलंय, त्यातून तुम्ही तेल सुटायची वाट बघताय! घटकांत फक्त दाणे (फार तर मीठ) असलेली पेस्ट घ्या. बरणी उघडल्यावर वर तेलाचा थर दिसला तर तीच तुमच्या कामाची.

नाहीतर घरी करा. दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं पाखडून काढा, लहान भांड्यात फिरवा. आधी कूट होईल, मग त्याचे गोळे होतील आणि मिक्सर अडल्यासारखा वाटेल. तिथे थांबू नका, फक्त मोटरला मधून विश्रांती द्या. थोड्या वेळात ते गोळे मोडून पेस्ट वाहायला लागते. नुसत्या कुटावर हा रस्सा करू नका. आपल्या आमटीत कूट बरोबर आहे, पण ते रवाळ राहतं आणि इथे हवा तसा गुळगुळीत रस्सा मिळणार नाही.

आगाशीची

दादा, डबा वाचला. साखर आहे आणि पाम तेलही आहे. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. इथे पिवळ्या डब्यात डाकाटीन नावाची पेस्ट मिळते, आफ्रिकी घरांत माफेसाठी ती वापरतात. पॅरिसमधल्या शातो रूझच्या बाजारात आफ्रिकी दुकानांतून सुटी पेस्टही मिळते. ती आणते.

मांसाचं कुणी सांगाल का?

पाचूबंदर

ताई, आपल्याकडचाच नियम लावा: रश्श्याला चरबी-शिरेचं मांस. स्ट्यूसाठी म्हणून कापून ठेवलेल्यात बरेचदा कोरडे, मांसल तुकडे येतात. ते जितके शिजवाल तितके दोरे होतात. तुम्हाला पायाची नळी हवी, फ्रेंच खाटीक त्याला झारे म्हणतो. किंवा खांद्याचं पालरों, ज्यात मधोमध पारदर्शक शीर असते. ती शीर म्हणजे कोलाजेन. दोन-अडीच तास मंद उकळीत ती विरघळून जिलेटिन होते, मांस मऊ होतं आणि रश्श्याला अंगही येतं. सव्वा तास कमी आहे.

वेळ वाचवायचा असेल तर मांस कुकरमध्ये आधी शिजवा, पण दाणा कुकरमध्ये कधीच घालू नका. बुडाला धरतो आणि शिट्टीचं तोंडही बुजवू शकतो.

स्वाती_मुलुंड

मुंबईत हे कसं करावं? इथे बीफ कुठे मिळणार?

पाचूबंदर

महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल, वळू कशाचीच कत्तल चालत नाही. बाजारात मिळतं ते म्हशीचं, ज्याला आपण मोठ्याचं म्हणतो. माफेला ते छान चालतं. रंग गडद, चरबी कमी, म्हणून अर्धा तास जास्त द्या आणि नळीचे तुकडे हाडासकट मागा. नको असेल तर बकऱ्याचं मटण घ्या. पश्चिम आफ्रिकेतही मेंढीचं माफे सर्रास होतं.

सखी_शाकाहारी

मांसाशिवाय होईल का?

बामाको_ते_बार्शी

होईल. भोपळा, वांगं, कोबी, रताळं घ्या, पाणी निम्मं घ्या. बाकी सगळं तेच.

दर्यावर्दी

टँकरवर होतो. सेनेगलच्या डकार बंदराहून फॉस्फोरिक ॲसिड घेऊन भारतात यायचो, त्यामुळे बंदराजवळच्या खानावळींत बरंच जेवलोय. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सेनेगलमध्ये माफेच्या पातेल्यात बरेचदा सुक्या माशाचा तुकडा पडतो. त्याला गेज म्हणतात. आणि नेतेतू, म्हणजे तिकडच्या एका झाडाच्या शेंगांतल्या बिया आंबवून केलेला गोळा. मालीत त्यालाच सुंबाला म्हणतात. वास कडक, पण रश्श्यात गेल्यावर तो वास राहत नाही, चवीला खोली येते. मॅगीची वडी आली ती याच जागेवर. वसईकर माणसाला सुक्या मासळीचं वावडं नसावं, तेव्हा एक लहान तुकडा जरूर घाला. मांसाबरोबर सुरुवातीपासून, दाणा घालण्याआधी.

दुसरं भाताचं. तिथे अख्खा तांदूळ कमी, कणी जास्त. फ्रेंच अमलात सेनेगलची शेती भुईमुगाला जुंपली गेली आणि पोटासाठी इंडोचीनमधून (आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाकडून) तांदळाची कणी आणली गेली. भुईमूग बाहेर, कणी आत. लोकांना कणीचीच चव लागली, ती आजही आहे. आता त्यातली पुष्कळ कणी भारतातून जाते. 2022 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं कणीची निर्यात बंद केली होती, तेव्हा तिकडच्या बाजाराला झळ बसली असणार हे मला लगेच जाणवलं. आपण इथे जी कणी पेजेला वापरतो, तिचा भात या रश्श्याखाली लावून बघा. रस्सा दाण्यादाण्यात मुरतो, बासमतीत तसा मुरत नाही.

खमंग_फोडणी

भुईमूग आफ्रिकेतला नाही ना मुळात?

दर्यावर्दी

नाही. दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नेला. पण त्या भागात जमिनीत शेंग धरणारं एक देशी कडधान्य आधीपासून होतं, बांबारा शेंग. त्यामुळे नव्या दाण्याला तिथल्या लोकांनी पटकन आपलंसं केलं असावं, असं मला वाटतं.

वसई_विरार

बाटली मसाला घालून बघा चमचाभर, मस्त लागेल.

बामाको_ते_बार्शी

कृपा करून पहिल्यांदा नको. बाटली मसाला उत्तम, पण तो घातला की हा रस्सा वसईचा होतो. या पदार्थात धणे-जिरे-गरम मसाला नाही. चव दाण्याची, तळलेल्या टोमॅटोची आणि मांसाची. तिखटासाठी ती एकच मिरची, अख्खी, देठासकट, न फुटलेली. सुगंध रश्श्यात उतरतो, तिखट फारसं नाही. ज्याला हवं तो आपल्या ताटात फोडून घेतो. ढवळताना तिला सांभाळा. फुटली तर मुलांना जेवण घशाखाली उतरणार नाही.

आगाशीची

परत आले सांगायला. झारे आणलं, आफ्रिकी दुकानातली सुटी पेस्ट आणली, टोमॅटो विटकरी होईपर्यंत तळला. मांस दोन तास. पेस्ट वाडग्यात घोटून घातली आणि झाकण ठेवलंच नाही. वीस-पंचवीस मिनिटं नुसता घट्ट, फिकट तपकिरी, बुडबुडे येणारा रस्सा होता. मग कडेला बारीक लाल थेंब दिसले आणि पुढच्या दहा मिनिटांत अख्ख्या पातेल्यावर तवंग! नवऱ्याला हाक मारून दाखवला. कच्चट चव पूर्ण गेली. बोंबलाचा तुकडाही घातला होता, दर्यावर्दी दादा, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

फोटो मावशींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता लिंबू कुठे आहे?" लिंबू घालतात का?

बामाको_ते_बार्शी

काही घरांत घालतात, गांबियाकडे जास्त. उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस, शिजताना नाही. तुमच्या मावशी घालत असतील तर तुम्हीही घाला.

आगाशीची

शेवटचं विचारते. वीस माणसांना किती करू? आणि आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल का?

पाचूबंदर

हाडासकट 5 किलो मांस घ्या, 1 किलो पेस्ट, टोमॅटोचे छोटे डबे 4, तांदूळ अडीच किलो. पाणी चौपट करू नका. मोठ्या पातेल्यात त्या मानानं कमी आटतं, 4 ते साडेचार लिटरवर थांबा. आणि एकाच पातेल्यात करू नका, दोन करा. खोल पातेल्यात खाली काय चाललंय ते कळत नाही आणि बूड लागलं तर सगळं जेवण जातं.

आदल्या दिवशी केलेलं जास्त चांगलं लागतं. रात्री लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ते घट्ट झालेलं असेल. आधी कढत पाणी घालून सैल करा, मग मंद आचेवर ठेवा. तवंग पुन्हा वर येईल. कोबी आणि रताळं मात्र त्याच दिवशी शिजवा.

स्वाती_मुलुंड

एक आठवण करते. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, विशेषतः तिथे वाढलेल्या मुलांच्या आयांना. टेबलावर पदार्थाजवळ "शेंगदाणे आहेत" अशी चिठ्ठी ठेवा आणि वाढायचा डाव वेगळा ठेवा.

आगाशीची

दोन घरांतून होकार-नकार कळायचा आहे, आजच फोन करते. एका मुलाला आहे असं ऐकलंय, त्याच्यासाठी दाणा घालण्याआधीच थोडं मांस आणि टोमॅटोचा रस्सा वेगळ्या भांड्यात काढून ठेवेन.