३ फुटी शाडूचा गणपती घरी करणं प्रॅक्टिकल आहे का?

डोंबिवलीकर_७७:
मंडळी, गेली ४ वर्षं घरचा गणपती मीच करतो, शाडूचा, ८-९ इंची. यंदा सोसायटीवाले म्हणाले ३ फुटी तूच कर, मी हो म्हणून बसलो आणि आता पोटात गोळा आलाय. डोक्यात असं आहे की आत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा सांगाडा करायचा आणि वरून माती चढवायची म्हणजे हात तुटणार नाहीत. जमेल का? जूनअखेर सुरू केलं तर पावसात वाळेल का?

शाळेतला_पोरगा:
आमच्या आजोबांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, होती सावंतवाडीकडे, म्हणून सांगतो, तार विसरा. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही, मग तडकणारच, ते पण नेमकं मनगटाशी नाहीतर सोंडेच्या वळणावर. आम्ही काथ्या बारीक कापून मातीत मळायचो. मूर्ती आतून पोकळ ठेवा आणि जाडी सगळीकडे सारखी, नाहीतर पातळ भाग आधी वाळतो आणि जाड भागापासून सुटतो. वाळेल, पण सावकाश. घाईने पंखा मारू नका, आणि आतली ओल गेल्याशिवाय रंग नको, पोपडे निघतात.

डोंबिवलीकर_७७:
पण माती चांगली आहे हे आत्ताच कसं कळणार? दुकानदार म्हणतो एक नंबर आहे.

चिखल्या:
दुकानदार दुसरं काय म्हणणार 😄 करंगळीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा, चिरा पडल्या तर मळणं कमी पडलंय नाहीतर रेती जास्त आहे. मग एक पट्टी थापा, ओली असतानाच सुरीने बरोबर १० सेंमीची रेघ मारा, खडखडीत वाळली की मोजा. माझी गेल्या वर्षी ९.४ भरली, म्हणजे ३ फुटाला २ इंच गेले की हो! मखर आधीच करून ठेवलेलं, त्यात बाप्पा अगदी खुजे दिसले.

मावशी_ठाणे:
अरे वजनाचं कोणी बोलतच नाहीये. कितव्या मजल्यावर करतोयस? आमची आसनासकट लिफ्टमध्ये शिरेना, जिन्यातून उतरवताना कान गेला. नवा ओला कान सुक्या डोक्याला धरेना, वाळला की परत सुटायचा. शेवटी तुटलेलाच तुकडा शोधून रात्री १ वाजता त्याच मातीच्या लगद्याने बसवला. जिथे बसवायची तिथेच घडव, जाड प्लायवर.

डोंबिवलीकर_७७:
मावशी, चौथा मजला 🙈 मीटर रूमशेजारची जागा मिळते का सेक्रेटरींना विचारतो, २ फुटावर ऐकतात का तेही बघतो. पट्ट्या दोन थापल्यात, एक काथ्याची, एक नुसती. रेघा मारून गॅलरीत ठेवल्यात, मांजर तुडवणार नाही अशा.