बन्सी गव्हात रानटी नातलगाचे जनुक आणले, तर तो खारवट रानात टिकेल का?

विचारणा (शेतकरी, पाथरी, जि. परभणी)

आमचे शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. पाटाचे पाणी आल्यापासून खालच्या अंगाचा दीडेक एकराचा तुकडा हळूहळू बिघडत गेला असून, उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर येतो. वडील तिथे बन्सी पेरत आले. मात्र शेजारच्या वाफ्यात साधा गहू तग धरून असतो, तेव्हा बन्सीची पाने शेंड्याकडून करपत जातात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आहोत. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या प्राचीन नातलगाचे जनुक आणून खारवट जमिनीत उत्पादन वाढवल्याचे वाचनात आले. तो गहू जीएम (प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेला) आहे का, आणि तसे काम बन्सीत होऊ शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वनस्पती पैदासशास्त्राची विद्यार्थिनी, परभणी)

दादा, आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. साध्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, तर बन्सी हा ड्युरम (कठीण दाण्याच्या) प्रकारचा असल्याने त्यात दोनच असतात. मुळांकडून पानांकडे जाणाऱ्या पाण्यातून सोडियम वाटेतच काढून घेणारे जनुक साध्या गव्हाच्या नेमक्या तिसऱ्या संचावर आहे. ते नसल्यामुळे ड्युरमच्या पानांत सोडियम साचत जाते आणि पान करपते.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही उणीव ट्रिटिकम मोनोकोकम या गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या प्राचीन गव्हातून भरून काढली. त्याच्या रानटी जाती पश्चिम आशियात आजही आढळतात. त्यातील जनुक मुळांच्या जलवाहिन्यांभोवतीच्या पेशींत काम करते व सोडियम तिथेच अडवते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत खारवट शेतात या ड्युरमचे उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत अधिक आले, आणि चांगल्या जमिनीत तोटा दिसला नाही. हा गहू जीएम नाही. नेहमीचा संकर करून, पुढच्या प्रत्येक पिढीत मार्करच्या (डीएनएतील ओळखखुणेच्या) साहाय्याने ते जनुक असलेली रोपे निवडून तो तयार केला आहे. म्हणूनच बन्सीतही हे तत्त्वतः शक्य आहे. मात्र बन्सीचा दाणा आणि चव राखून ते करायला पुनःपुन्हा बन्सीशीच संकर करावा लागेल आणि त्यात कित्येक हंगाम जातील.

उत्तर २ (मृदाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, लातूर)

वरील माहिती योग्य आहे. तरीही पांढरा थर दिसला म्हणजे जमीन खारवटच, असे गृहीत धरू नये. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, त्यामुळे काळी माती फुगते, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ती दगडासारखी होते. पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली, की सोडियम अडवण्याची मुळांची ताकदच कमी होते. मग जनुक कितीही चांगले असले तरी त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. आपला माती परीक्षण अहवाल कळवावा.

विचारणा करणारे

सर, सामू ८.९, विद्युत वाहकता १.६ आणि विनिमययोग्य सोडियम १९ टक्के असे लिहिले आहे.

उत्तर २ (पुन्हा)

म्हणजे आपली जमीन चोपण आहे. सामू (पीएच) ८.५ च्या वर, विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि विद्राव्य क्षार दाखवणारी वाहकता ४ पेक्षा कमी, ही तिची खूण होय. आधी उताराच्या बाजूने खोल चर काढून निचरा करावा, मगच परीक्षणानुसार जिप्सम मातीत मिसळून पाणी द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो सगळा खर्च वाया जातो. त्यानंतर हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून तो फुलोऱ्यापूर्वी गाडावा. अनेक शेतकरी चराचे काम मागे ठेवतात आणि दोन वर्षांनी जिप्समला दोष देतात, हे पाहून मला फार वाईट वाटते.

उत्तर ३ (शेतकरी, मानवत)

आमचेही रान असेच होते. चर काढल्यावर पहिल्या वर्षी फरक जाणवला नाही, दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र वाफे मऊ पडू लागले. तोवर त्या तुकड्यात बन्सी न घेता, कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षारयुक्त जमिनींसाठी काढलेल्या केआरएल २१० सारख्या साध्या गव्हाच्या वाणाची थोडी पेरणी करून पाहावी, आणि घरच्या बन्सीचे बी वरच्या चांगल्या रानात जपून ठेवावे. उद्या कुणी त्यात ते जनुक आणायचे ठरवले, तर अस्सल बी आपल्याच घरात असेल.