जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा कुणाकडे गेलात? पुणेकरांचे अनुभव

शिक्षिका, कोथरूड

आठ महिने मी कान दुखतोय असंच धरून चालले होते. उजव्या कानाच्या पाळीपुढे ठणका, जांभई दिली की खटका, सकाळी कानशिलं जड. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. मग एका दवाखान्यात अक्कलदाढेवर संशय आला. दाढ काढली, दुखणं तसंच राहिलं.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून धनकवडीला भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात केसपेपर काढला. तिथे ओरल मेडिसिन नावाचा, तोंड-जबड्याचे आजार बघणारा विभाग असतो, हे मला पन्नाशीत कळलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडमीट करायला लावलं, गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले, पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं. ३६ मिलिमीटर. साधारण ४० ते ५० असायला हवं. गालाचा स्नायू दाबल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुखलं नेमकं कानात!

त्यांनी समजावलं ते असं. कानाच्या लगेच पुढे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो. दोन हाडांच्या मध्ये एक चिवट चकती असते. ती पुढे सरकलेली असली आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर बसली, की खटका वाजतो. नुसता खटका असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा काही करावं लागत नाही. माझं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूंचं जास्त होतं. मी झोपेत दात खाते. (लहानपणी आजी त्यावर जंताचं औषध द्यायची.)

तीन आठवडे मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, दिवसातून दोनदा गरम शेक, जबड्याचे व्यायाम आणि रात्री दातांवर कडक स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं आवरण. तीन महिन्यांत ऐंशी टक्के आराम पडला. त्या आठ महिन्यांत योग्य दार कुठलं हेच कुणी सांगितलं नाही, म्हणून हा धागा. तुम्ही कुणाकडे गेलात, काय केलं, सविस्तर लिहा.

हिंजवडीत नोकरी, राहायला वाकड

माझं सगळं दिवसाचं. कोडमध्ये अडकलो की दात आवळून बसायचो आणि ते मला कळतच नव्हतं. फिजिओथेरपिस्टनी एकच गोष्ट घोकून घेतली: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला हलकीशी टेकलेली. खरं तर जेवताना सोडून एरवी दातांना दात लागायलाच नकोत. फोनवर दर तासाला गजर लावला. दीड महिन्यात संध्याकाळची डोकेदुखी गेली. स्प्लिंट लागलाच नाही.

सदाशिव पेठ

ताई, एक कळकळीने सांगते. मला एका ठिकाणी "चावा बिघडलाय, काही दात घासून कमी करू, मग दोन वर्षं तारा लावू" असं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. खर्चाचा कागदही हातात दिला. मी दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरांचं म्हणणं, घासलेला दात परत येत नाही. जे उद्या थांबवता येईल ते आधी करून पाहा. शेक, व्यायाम आणि थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या, एवढ्यावर माझं भागलं. सांधेदुखीसाठी पहिल्याच दिवशी कुणी दात घासायला निघालं तर तिथून उठा.

सिंहगड रस्ता

माझा जबडा अडकला होता. वर्षभर खटका वाजायचा, एके दिवशी गडावर कणीस खाताना तो थांबला आणि तोंड दीड बोटच उघडायला लागलं. आवाज गेला म्हणजे बरं झालं असं नसतं हे तेव्हा शिकले. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे घरी पाहता येतं. अचानक कमी झालं तर थांबू नका. मी तोंड आणि जबड्याच्या सर्जनकडे गेले. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, हाडं ठीक दिसली. चकती दिसायला एमआरआय लागला. ती पुढे सरकून तिथेच राहिली होती. सहा आठवडे व्यायाम आणि स्प्लिंट करूनही फरक पडेना, तेव्हा बधिर करून दोन सुयांनी सांधा सलाईनने धुतला. टाका नाही, त्याच दिवशी घरी. व्यायाम मात्र अजून चालू आहेत.

निवृत्त, सहकारनगर

माझा अनुभव वेगळा आहे, पण इथे लिहायलाच हवा. रोज सकाळी पर्वती चढतो. गेल्या वर्षी अर्ध्या पायऱ्या झाल्या की डावा जबडा दुखायचा, थांबलो की जायचा. दातांचे डॉक्टर म्हणाले, "काका, चावताना दुखतं का?" नव्हतं दुखत. त्यांनी त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झोपून काढलेला ईसीजी ठीक होता, पट्ट्यावर चालवून काढलेला नाही. दोन स्टेंट पडले. चालल्यावर, चढल्यावर जबडा दुखत असेल तर दात बघत बसू नका. घाम आणि छातीत दाब असेल तर थेट १०८ ला फोन करा.

औंध

काकांसारखंच माझ्या आईचं. वय ७२. चार घास चावले की जबडा थकायचा, कानशील दुखायचं, केस विंचरताना डोकं हुळहुळायचं. आम्ही कवळीला दोष देत होतो. एका सकाळी तिला एका डोळ्याने अंधुक दिसलं. रक्ततपासणीत ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा आकडा) खूप वाढलेला निघाला. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज होती. स्टिरॉइड लगेच सुरू केले म्हणून नजर वाचली.

हडपसर

भावाचं तोंड उघडेना म्हणून आम्हीही सांधाच समजत होतो. त्याला तिखट लागलं की आग व्हायची, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ झालेली. सुपारीने होतं हे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी त्याला पुडी मिळत होतीच. कॅम्पातल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयात उपचार चालू आहेत. सुपारी पूर्ण बंद, दर काही महिन्यांनी तपासणी, कारण यातून कर्करोग होऊ शकतो.

आणि एक विचारायचं होतं. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीचा जबडा वाजतो, दुखत नाही, तोंड नीट उघडतं. नेऊ का?

शिक्षिका, कोथरूड

घाई नाही. च्युइंग गम बंद करा, उशीवर पालथी झोपत असेल तर सवय मोडा. दुखायला लागलं किंवा तोंड कमी उघडलं तर मात्र न्या. जाताना एका कागदावर लिहून घ्या: दुखणं कधी सुरू झालं, चावताना वाढतं की सकाळी, कुठल्या गोळ्या झाल्या. माझा तो कागद बघूनच डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, "रात्री दात खाता का?"